जर्मन व्हॉल्व्ह रेडिओ घेताना: प्लग लावण्याआधी मागचा पुठ्ठा उघडा

प्रश्न असा आहे. जुन्या बाजारात एक जर्मन ग्रुंडिग दिसला आहे. १९५५ ते ५८च्या सुमाराचा असावा. चकचकीत लाकडी कॅबिनेट, खाली पियानोसारखी पांढरी बटणं, डायलवर स्टेशन नीट लागलं का ते दाखवणारा हिरवा डोळा. दुकानदार 'वर्किंग कंडिशन' म्हणतो आणि प्लग लावून दाखवतो. मिनिटाभराने घरघर सुरू होते आणि त्यातून एखादं स्टेशन अस्पष्ट ऐकू येतं. घ्यावा का? घरी आणल्यावर आधी काय करावं? आणि पुढे जर्मन टेबल रेडिओच जमवायचे तर कुठून सुरुवात करावी?

सेट पूर्ण असेल तर जरूर घ्या. मात्र दुकानदाराला पुन्हा प्लग लावू देऊ नका. साठ-सत्तर वर्षं जुना सेट तपासणी न करता लावून दाखवणं ही खात्री नव्हे, त्यात सेटचं नुकसान होतं. यातला एक छोटा कंडेन्सर जवळजवळ हमखास लीक झालेला, म्हणजे अडवायचा तो करंट सोडू लागलेला असतो. सेट लावला की दर वेळी आउटपुट व्हॉल्व्ह (आवाज वाढवणारी काचेची नळी), आउटपुट ट्रान्सफॉर्मर (तो आवाज स्पीकरला पोचवणारा) आणि रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) या तिघांना त्याची झळ बसते. कंडेन्सर काही रुपयांत बदलतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळला तर त्याच मापाचा दुसरा मिळत नाही, रिवाइंड करून घ्यावा लागतो आणि मूळचा आवाज परत येईलच असं नाही. म्हणून वर्षानुवर्षं माळ्यावर पडून असलेला बंद सेट हा रोज गिऱ्हाइकांना वाजवून दाखवलेल्या सेटपेक्षा नेहमीच बरा.

हे रेडिओ इतके चांगले का झाले, हे ठाऊक असलं की निवड सोपी जाते. १९४८च्या कोपनहेगन परिषदेत मीडियम वेव्हच्या फ्रीक्वेन्सींचं वाटप झालं आणि युद्ध हरलेल्या जर्मनीच्या वाट्याला फार थोड्या आल्या. हे वाटप १५ मार्च १९५०पासून लागू झालं. तोवर जर्मनांनी एफएमची वाट धरली होती. २८ फेब्रुवारी १९४९ला म्युनिकमधून एफएम प्रसारण सुरू झालं, दुसऱ्याच दिवशी हॅनोव्हरमधून. पुढच्या दहा वर्षांत तिथल्या प्रत्येक कारखान्याने घरगुती रेडिओ एफएमच्या स्वच्छ आवाजाला साजेसा बनवायची शर्यत लावली: मोठं लाकडी कॅबिनेट, बास आणि ट्रेबलसाठी वेगळे कंट्रोल, आणि १९५४च्या मोसमापासून दोन्ही बाजूंना जादा स्पीकर बसवलेले '३डी' सेट. आपल्याकडे त्या काळात एफएम नव्हतंच. त्यामुळे भारतासारख्या देशांसाठी निघालेल्या एक्स्पोर्ट मॉडेलमध्ये बऱ्याचदा एफएम गाळून शॉर्टवेव्हचे दोन-तीन बँड दिलेले असतात. एफएम ऐकायचं असेल तर घेण्यापूर्वी डायलवर ८७ ते १०० असे आकडे आणि बटणावर यूकेडब्ल्यू (एफएमचं जर्मन नाव) किंवा नुसता यू आहे का, ते आधी बघा.

आता पाहणी. प्लग न लावता दहा मिनिटांत सगळं कळतं. मागचा पुठ्ठा मूळचा आहे का बघा. त्यावर मॉडेल आणि व्होल्टेज छापलेलं असतं, आणि उघड्या टर्मिनलपासून घरातल्यांचं संरक्षणही तोच करतो. आत टॉर्च मारा. पन्नाशीच्या मध्यानंतरच्या बहुतेक जर्मन सेटमध्ये एकच संच दिसतो: एफएमच्या डब्यात ईसीसी८५, मग ईसीएच८१, ईएफ८९, ईएबीसी८०, आउटपुटला ईएल८४ आणि डोळ्यासाठी ईएम८० किंवा ईएम८४. रेक्टिफायर म्हणून ईझेड८० व्हॉल्व्ह किंवा चॅसिसला (आतल्या धातूच्या सांगाड्याला) चिकटवलेली सेलेनियमची चपटी धातूची डबी. व्हॉल्व्हच्या काचेत वरच्या बाजूला चंदेरी चकाकी हवी. ती दुधी-पांढरी झाली असेल तर आत हवा शिरली आहे, तो व्हॉल्व्ह गेला. या सगळ्या व्हॉल्व्हची फिलामेंट ४ आणि ५ नंबरच्या पिनांवर असते. दुकानदार हरकत घेत नसेल तर व्हॉल्व्ह काढून मल्टिमीटरने तेवढी कंटिन्यूइटी बघा.

दिसायला क्षुल्लक, पण सेट नाकारायला पुरेशा अशा गोष्टी पुढे आहेत. डायलची काच फुटलेली असणं, एखादं बटण मुळातून तुटलेलं असणं, मेन ट्रान्सफॉर्मरच्या खाली डांबरासारखं काही वितळून सांडलेलं असणं, आणि आयएफ ट्रान्सफॉर्मरच्या (स्टेशनचा सिग्नल गाळून पुढे देणाऱ्या) कॉइलमधले स्लग, म्हणजे जुळणीचे स्क्रू, कुणीतरी स्क्रूड्रायव्हर घालून फिरवलेले किंवा फोडलेले असणं. या शेवटच्या खुणेकडे फार कमी लोक लक्ष देतात. कारखान्यात स्लगवर मेणाचा किंवा रंगाचा ठिपका दिलेला असतो. तो अखंड असेल तर आतलं ॲलाइनमेंट बहुधा शाबूत आहे. ठिपका मोडलेला आणि स्लगच्या खाचेचे तुकडे उडालेले असतील तर 'जरा ट्यूनिंग करून बघू' म्हणणारा कुणीतरी तुमच्या आधी तिथे येऊन गेला आहे. असा सेट पुन्हा जागेवर आणायला सिग्नल जनरेटर लागतो, आणि एफएमच्या १०.७ मेगाहर्ट्झच्या कॉइल अंदाजाने जुळत नाहीत. उलट फाटका स्पीकर, तुटलेला डायलचा दोरा, धूळ, कोळिष्टकं, अडकलेली बटणं यांना घाबरू नका. त्यांच्यासाठी भाव मात्र जरूर पाडून मागा.

सेट घरी आला की मेन व्होल्टेजचा सिलेक्टर बघा. मागे किंवा ट्रान्सफॉर्मरवर ११०, १२७, १५०, २२०, २४० अशा खुणा असतात. आपल्याकडे कागदोपत्री २३० व्होल्ट असले तरी रात्री मीटर लावला तर कित्येक ठिकाणी २४५ दिसतात. सिलेक्टर २२०वर असेल तर ६.३ व्होल्टच्या फिलामेंटला तेव्हा ७ व्होल्ट मिळतात. व्हॉल्व्ह साधारण १० टक्के कमी-जास्त सोसतो, हे त्याच्याही पुढे जातं. २४०ची खूण असेल तर तिथेच लावा. नसेल तर साधा २४ व्होल्ट, १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर घ्या, त्याचा प्रायमरी मेनवर ठेवा आणि सेकंडरी रेडिओच्या वाटेत उलट्या फेजने सिरीजमध्ये जोडा, म्हणजे २४५चे सुमारे २२० होतात. जोडल्यावर रेडिओ लावण्याआधी मीटरने मोजा. फेज चुकली तर व्होल्ट उतरायच्या ऐवजी २७०कडे जातात. फ्यूजच्या जागी तार किंवा सिगारेटची चांदी गुंडाळलेली सापडली तर नवल नको. ५०-६० वॅटच्या सेटला २२० व्होल्टवर साधारण अर्ध्या अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज पुरतो. जुनी कापडी किंवा रबरी मेन वायर वाकवली आणि तडकली तर ती बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता तो कंडेन्सर. ईएबीसी८०च्या ९ नंबरच्या पिनेपासून ईएल८४च्या २ नंबरच्या पिनेकडे जाणारा, १० ते २२ नॅनोफॅरडचा. मधे एखादा रेझिस्टन्स असू शकतो. पिना चॅसिसच्या खालच्या बाजूने, मोकळ्या फटीपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजायच्या. या कंडेन्सरचं काम एवढंच की आवाजाचा सिग्नल पुढे जाऊ द्यायचा आणि मागचा डीसी अडवायचा. ईएबीसी८०च्या ॲनोडवर (त्याच ९ नंबरच्या पिनेवर) समजा ८० व्होल्ट आहेत आणि ईएल८४च्या ग्रिडपासून (२ नंबरच्या पिनेपासून) चॅसिसपर्यंत १ मेगओहमचा रेझिस्टन्स आहे. कंडेन्सरचं लीकेज १० मेगओहम धरू. साध्या मीटरवर मोजलं तर 'ठीक आहे' म्हणून सोडून द्यावं इतकं ते कमी. पण ८० व्होल्टचा अकरावा हिस्सा, म्हणजे ७ व्होल्टहून थोडे जास्त, ग्रिडवर येऊन बसतात. ईएल८४चा बायस, म्हणजे करंट आवरणारं ग्रिडवरचं कॅथोडच्या तुलनेतलं व्होल्टेज, असतो उणे ७ व्होल्टच्या आसपास. म्हणजे लगाम पुरता सुटला. ॲनोडचा करंट वाढतो, प्लेट अंधारात लालसर दिसू लागते, आउटपुट ट्रान्सफॉर्मर तापतो. आवाज मात्र येतच राहतो, थोडा चिरका एवढंच. म्हणून दुकानात ते कुणाच्या लक्षात येत नाही.

हा कंडेन्सर तपासत बसू नका, पहिल्यांदा सेट लावण्याआधीच बदला. ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन घ्या. नॅनोफॅरडचा आकडा मूळचाच ठेवा, १० असेल तर १०, २२ असेल तर २२. मोठा घातल्याने बास सुधारत नाही. बदलून झाल्यावर सेट चालू असताना पिन २वर चॅसिसच्या तुलनेत शून्य व्होल्ट दिसायला हवेत. तरीही पॉझिटिव्ह व्होल्ट दिसले तर ईएल८४ काढून, एक-दोन मिनिटांपुरतंच, पुन्हा बघा. व्हॉल्व्ह काढल्यावर शून्य झाले तर दोष व्हॉल्व्हचा, तो आतून गॅसी झालेला आहे. मग पिन ३वर, म्हणजे कॅथोडवर, मोजा. तिथे १३० ते १७० ओहमचा रेझिस्टन्स असतो आणि त्यावर साधारण ७ व्होल्ट यावेत. १२ व्होल्ट आले आणि रेझिस्टन्स १५० ओहमचा असला तर व्हॉल्व्हमधून ८० मिलिअँपिअर चालले आहेत. १२ वॅटची ज्याची कुवत, ती प्लेट १५-१६ वॅट सोसते आहे, ताबडतोब बंद करा. एक अपवाद लक्षात ठेवा. काही जर्मन सेटमध्ये ईएल८४चा कॅथोड सरळ चॅसिसला असतो आणि ग्रिडला उणे व्होल्टेज रेक्टिफायरच्या मायनसमधल्या रेझिस्टन्सवरून दिलेलं असतं. तिथे पिन २वर उणे ७-८ व्होल्ट दिसणं बरोबर, शून्य दिसणं चूक. म्हणून त्या मॉडेलचा सर्किट डायग्राम आधी मिळवा. जर्मन सेटचे डायग्राम उत्तम जपले गेले आहेत, नेटवर मॉडेल नंबरावरून सापडतात आणि बहुतेकांवर जागोजागी व्होल्टेज लिहिलेलं असतं.

बाकीच्या पेपर कंडेन्सरचं काय? सगळे बदला. काळ्या-तपकिरी रंगाचे, टोकांना डांबर भरलेले इरो कंपनीचे आणि विमा (डब्ल्यूआयएमए) कंपनीचे चॉकलेटी ट्रॉपीड्युर हे जवळजवळ सगळे लीक असतात. जर्मन लोक या विमांना माल्टच्या गोळ्या म्हणतात, इतके ते त्या गोळीसारखे दिसतात. साठीच्या सुमाराचे पिवळे ड्युरोलिट बरे निघतात, पण एवढा सेट उघडलाच आहे तर त्यांनाही मोजून घ्या. सिरॅमिक, मायका आणि स्टायरोफ्लेक्स यांना हात लावायचा नाही. ते ट्यूनिंगच्या सर्किटमधले असतात आणि सहसा बिघडत नाहीत. एका वेळी एकच कंडेन्सर काढा, त्याच जागी नवा डाग द्या, मग दुसरा. सगळे एकदम कापून टेबलावर मांडले की कोणता कुठला हे शोधताना एक तरी चुकतो. दोन जागा जोखमीच्या आहेत. ईएल८४च्या ॲनोडवर टोनसाठी लावलेला २ ते ५ नॅनोफॅरडचा कंडेन्सर, त्याला १००० व्होल्टच्या वरचंच रेटिंग हवं. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर आवाजाच्या उसळीत सप्लायच्या कितीतरी पट व्होल्टेज येतं. आणि मेनच्या तारेपासून चॅसिसकडे जाणारा छोटा कंडेन्सर. तो वाय क्लासचाच (मेन आणि चॅसिसमध्ये लावण्यासाठी सुरक्षित बनवलेला) घ्या किंवा काढूनच टाका, कारण तो शॉर्ट झाला की चॅसिसवर सरळ मेन येतो.

फिल्टरचा मोठा गोल इलेक्ट्रोलिटिक, बहुधा ५० + ५० मायक्रोफॅरड ३५० व्होल्टचा, बऱ्याचदा अजून जिवंत असतो. त्याला हळूहळू जागं करायचं. सेलेनियम रेक्टिफायर असेल तर व्हॉल्व्ह काढून ठेवा, डिमरस्टॅटवर (मेनचे व्होल्ट कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) ६०-७० व्होल्टपासून सुरुवात करा आणि दर अर्ध्या तासाला ३० व्होल्टने वाढवा. मीटर कंडेन्सरवर लावूनच ठेवा. लोड नसताना व्होल्टेज नेहमीपेक्षा वर जातं, छापलेल्या मर्यादेपुढे जाऊ देऊ नका. वाटेत कंडेन्सर कोमट झाला, बुडाशी ओल दिसली किंवा फुगला तर तो गेला. तेव्हा मूळ डबा दिसायला जागेवर ठेवून तारा सोडवा आणि चॅसिसच्या पोटात ४७ मायक्रोफॅरड ४५० व्होल्टचे दोन नवे बसवा. डबा चॅसिसपासून इन्सुलेट केलेला असेल तर नव्याचं मायनसही चॅसिसला न देता जुन्याच जागी द्या, नाहीतर वर सांगितलेला बायस मरतो. काम करताना कंडेन्सर १ किलोओहम ५ वॅटच्या रेझिस्टन्समधून डिस्चार्ज करत जा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडायची नाही.

सेलेनियमची डबी म्हातारी झाली की तिच्यात व्होल्ट पडतात, सप्लाय २५०च्या जागी २०० येतो आणि आवाज दबतो. ती जळली तर कुजकट, विषारी वास येतो. लगेच खिडक्या उघडून बाहेर जायचं. बदली म्हणून १एन४००७चे चार डायोड किंवा एक छोटा ब्रिज चालतो. पण सिलिकॉनमध्ये व्होल्ट पडत नाहीत, म्हणून बरोबर १०० ते २२० ओहमचा ५ ते १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टन्स सिरीजमध्ये हवा. डायग्रामवरचं व्होल्टेज येईल तो आकडा बरोबर.

आता पहिल्यांदा चालू करायचं. इलेक्ट्रिशियनकडे असतो तसा सिरीज बोर्ड (बल्बमधून सेटला मेन देणारा) घ्या, १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा. एलईडी चालत नाही. स्पीकर जोडलेलाच हवा. स्पीकरशिवाय आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये स्पार्क होऊन इन्सुलेशन फुटतं. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. पूर्ण पेटून राहिला तर शॉर्ट आहे, बंद करा. सगळं शांत वाटलं की पंधरा मिनिटांनी सरळ मेनवर घ्या आणि पहिला तासभर व्होल्टमीटर ईएल८४च्या कॅथोडवर ठेवून बसा.

दोष कुठे आहे ते शोधायची जर्मन सेटमधली सोय म्हणजे टीए बटण, ग्रामोफोनसाठीचं. ते दाबून इनपुटच्या टोकाला स्क्रूड्रायव्हरची दांडी लावली की दणदणीत हम आला पाहिजे. तो आला म्हणजे ईएबीसी८०पासून स्पीकरपर्यंत सगळं ठीक आहे, दोष त्याआधीच्या, एरियलकडच्या भागात. एफएम छान आणि मीडियम वेव्ह मुका असेल तर ईसीएच८१चा ट्रायोड किंवा बँडची बटणं बघा, कारण एफएमवर त्या व्हॉल्व्हचा ऑसिलेटर वापरातच नसतो, त्याचा दुसरा भाग नुसता आयएफ वाढवतो. उलट मीडियम वेव्ह लागतो आणि एफएम नाही, तर ईसीसी८५ किंवा यूकेडब्ल्यूच्या बटणाचे संपर्क. एफएम लागतं पण आवाज फाटका आणि घरघरता येतो तेव्हा रेशो डिटेक्टरमधला (एफएममधून आवाज वेगळा काढणाऱ्या सर्किटमधला) २ ते १० मायक्रोफॅरडचा छोटा इलेक्ट्रोलिटिक सुकलेला असतो, आणि हा लोक नेहमी विसरतात. डोळा उजळतो पण हलत नाही, तर त्याच्या ॲनोडचा मोठा रेझिस्टन्स, बहुधा ४७० किलोओहम, मोजून बघा. डोळाच विझत आला असेल तर उपाय नाही, तो बदलावाच लागतो. ईएम८०च्या जागी रशियन ६ई१पी चालतो. ईएम३४ आणि ईएम११ मात्र महाग आणि दुर्मीळ.

पियानो बटणांच्या आतले चांदीचे संपर्क काळे पडणं हा तर या रेडिओंचा सार्वत्रिक आजार. कोकणात, गोव्यात आणि पावसाळ्यात बंद राहिलेल्या घरांत तो आणखी वाढतो. डब्ल्यूडी-४० मारू नका. तेल मागे राहतं, पॅक्सोलिनमध्ये (बटणांच्या इन्सुलेशनच्या पट्टीत) मुरतं आणि त्यावर धूळ बसून लीकेज होतं. पोस्टकार्डाच्या जाडीच्या कागदाची ३-४ मिलिमीटरची पट्टी कापा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवा, संपर्कांच्या मधे घाला, बटण दाबा आणि पट्टी हळूच ओढून घ्या. पट्टी काळी निघेल. स्वच्छ निघेपर्यंत करा. वीस-तीस संपर्क असतात, संध्याकाळ जाते, पण त्यानंतर सेट वेगळाच बोलतो. व्हॉल्यूम कंट्रोललाही तेवढाच जीव लावा. तो बहुधा १.३ मेगओहमचा, मधे टॅप असलेला असतो आणि त्याची बदली सहज मिळत नाही.

डायलच्या काचेबद्दल एकच सांगतो: अक्षरं काचेच्या मागच्या बाजूला रंगवलेली असतात. हिल्व्हरसम, बेरोम्युन्स्टर, लक्झेंबर्ग ही नावं, सोनेरी पट्ट्या, सगळं. त्या बाजूला पाणी, साबण, कॉलिन, थुंकी, काहीही लावायचं नाही. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका आणि थांबा. ओला बोळा एकदा फिरला की स्टेशनं त्या बोळ्यावर येतात. डायल लॅम्प ७ व्होल्ट ०.३ अँपिअरचेच ठेवा. मोठ्या लॅम्पच्या उष्णतेने रंग सुटतो. डायलचा दोरा तुटलेला असेल तर उरलेले वेढे सोडण्याआधी फोटो काढा.

कॅबिनेटचा लॅकर कोणता ते मागच्या बाजूला नजरेआड थेंबभर थिनर लावून कळतं. चिकट झाला तर नायट्रोसेल्युलोज, त्यावर पॉलिशवाल्याकडून फ्रेंच पॉलिश करून घेता येतं. काहीच झालं नाही तर पन्नाशीच्या शेवटाकडचा पॉलिएस्टर, त्याचे टवके उडाले की लपवणं अवघड. व्हिनीअर सुटलं असेल तर फेव्हिकॉल आत सारून कागद ठेवून क्लॅम्प लावा. तळाशी पिठासारखा भुसा दिसला तर लाकूड पोखरणारी कीड आत आहे. आधी तिचा बंदोबस्त, मगच तो सेट बाकीच्या रेडिओंच्या कपाटात.

संग्रह कशाचा करावा? पहिला सेट १९५५ ते ५९चा, मधल्या श्रेणीचा, वर दिलेल्या व्हॉल्व्हचा घ्या. ग्रुंडिग फुर्थचा, नॉर्डमेंडे ब्रेमेनचा, साबा ब्लॅक फॉरेस्टमधल्या फिलिंगेनचा, ग्रेट्झ आल्टेनाचा. गावं वेगळी, पण व्हॉल्व्ह तेच, त्यामुळे एका संचावर चार सेट तपासता येतात. बंगळूरच्या बीईएलने बनवलेले ईएल८४ अजूनही आपल्याकडे सापडतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात पासोड्या विठोबाजवळची दुकानं, तिथे चौकशी ठेवा. नावांवरून जमवणंही गंमतीचं: नॉर्डमेंडेचे सेट ऑपेरांच्या नावाचे, फिडेलिओ, टानहॉयझर, कारमेन, साबाचे गावांच्या नावाचे, लिंडाऊ, मेर्सबुर्ग, फ्रॉयडेनश्टाट, फ्रायबुर्ग. साबा घेताना स्पीकर मूळचे आहेत का बघा. त्यांचे हिरव्या कोनचे स्पीकर हायफायवाल्यांना इतके आवडतात की ते काढून घेतलेले रिकामे सेट विकायला येतात. स्वतः स्टेशन शोधणारी मोटार असलेला फ्रायबुर्ग ऑटोमॅटिक सुंदर आहे, पण पहिला सेट म्हणून नको.

वय ओळखायला व्हॉल्व्ह उपयोगी पडतात. ईसीएच११, ईबीएफ११ असे ११ने संपणारे धातूचे जाड व्हॉल्व्ह युद्धापूर्वीपासून पन्नासच्या सुरुवातीपर्यंत. ईसीएच४२, ईएल४१ हे १९५०च्या आसपासचे. डोळा पंख्यासारखा उघडणारा असेल तर ईएम८०, सरळ पट्टीचा असेल तर त्याहून नंतरचा ईएम८४. १९३३च्या 'फोल्क्सएम्फेंगर' व्हीई३०१चं नाव हिटलर सत्तेवर आला त्या ३० जानेवारीवरून ठेवलेलं आहे. इतिहासाचा पुरावा म्हणून तो संग्रहात येतो, ऐकायला नव्हे. ब्राउनचा १९५५चा छोटा एसके २, आर्टुर ब्राउन आणि फ्रिट्झ आइख्लरच्या रचनेचा, हा मात्र डिझाइनसाठी घ्यावाच असा.

एक धोक्याची जात ओळखून ठेवा. व्हॉल्व्हची नावं यूसीसी८५, यूसीएच८१, यूएल८४, यूवाय८५ अशी 'यू'ने सुरू होत असतील किंवा मॉडेलपुढे जीडब्ल्यू असेल तर तो एसी-डीसी सेट आहे. त्यात मेन ट्रान्सफॉर्मर नसतो, चॅसिस सरळ मेनच्या एका तारेला जोडलेली असते. जर्मनीत बनलेल्या फिलिप्स फिलेटाच्या बऱ्याच आवृत्त्या अशा आहेत. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (सेट मेनपासून अलग ठेवणाऱ्या) उघडू नका, नॉबचे स्क्रू उघडे ठेवू नका, आणि त्याला फोन किंवा ब्लूटूथचा डबा कधीही जोडू नका. ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटला मात्र फोन टीएमधून बेलाशक जोडा. डाव्या आणि उजव्या चॅनेलला प्रत्येकी १० किलोओहमचा रेझिस्टन्स लावून दोन्ही एकत्र करा.

एफएमसाठी रिबन वायरचा दीड मीटर लांबीचा डायपोल मागच्या दोन छिद्रांत लावला की आपल्याकडची स्टेशनं स्वच्छ येतात. डायल १००लाच संपतो, त्यामुळे मुंबईत ९१.१ ते ९८.३ सगळं मिळतं, पण १००.७चं गोल्ड काठावर आणि १०७.१चं रेनबो मिळत नाही. ते आणण्यासाठी ऑसिलेटरचा ट्रिमर फिरवून बँड वर सरकवणारे मेकॅनिक भेटतील. त्यांना नको म्हणा. डायलवरचे आकडे खोटे पडतात, बँडच्या दुसऱ्या टोकाला संवेदनशीलता जाते आणि पुढच्या मालकाला मूळ जागा सापडत नाही.

परदेशात राहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. जर्मनीत असाल तर हे सेट फ्ली मार्केटमध्ये आणि जुन्या घरांच्या आवराआवरीत मिळतात, साध्या मॉडेलना तिथे फारशी किंमतही नसते. अमेरिकेत ग्रुंडिग-मॅजेस्टिक नावाने विकले गेलेले सेट दिसतील. ते ११७ व्होल्टवर लावलेले असतील तर भारतात आणल्यावर सिलेक्टर बदलायला विसरू नका. मोठा सेट १५ किलोच्या आसपास भरतो. कुरियरने पाठवताना चॅसिसचे चारही बोल्ट आवळा, व्हॉल्व्ह काढून वेगळे गुंडाळा, गँग कंडेन्सर (ट्यूनिंगचा, फिरत्या पात्यांचा) पूर्ण मिटवून ठेवा, आणि डायलसमोर पुठ्ठा-थर्माकोल देऊन खोक्यात खोकं घाला. वाटेत पडलं तर आधी ट्रान्सफॉर्मरचं वजन चॅसिस वाकवतं आणि मग काच जाते.